गाडीखालचा ट्रे

मी, खाली सही करणारी, या गावातल्या निम्म्या लोकांना मोटार चालवायला शिकवलेली आणि त्यामुळे निम्म्या गावाच्या मनातून उतरलेली बाई, आज माझ्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. बाकी शरीराबद्दल त्यांनी जे सांगितले ते जोडलेले नाही. ते मला कळले आहे, तेवढे पुरे. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात 'वार्धक्याने जर्जर झाल्यामुळे' असे छापलेले होते, ते मी खोडले आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की भरीला घातलेले नाही. मला भरीला घालू शकणारा एकच माणूस या घरात होता. तो माझा मुलगा. तो आता नाही.

यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

कलम पहिले: माझी माणसे.

माझे पती मुलगा रांगत होता तेव्हाच वारले. मागे एक मोटार, मोटार शिकवण्याच्या शाळेची पाटी आणि फी भरून बसलेले विद्यार्थी ठेवून गेले. मी बी.एस्सी. होते, विषय पदार्थविज्ञान, नोकरी एका कचेरीत फायली लावण्याची. ती सोडून मी त्यांच्या जागी, म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागी, बसले. लोक म्हणाले, बाईमाणूस काय शिकवणार. शिकवले.

आज मागे दोन माणसे आहेत: माझा धाकटा भाऊ आणि माझी सून.

कलम दुसरे: घर.

हे राहते घर, मागची गाडीची शेड आणि मधले अंगण ही सर्व मिळकत मी सुनेला देते. तिने पुन्हा लग्न करावे, करू नये, घर विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कबुतरे पाळावीत, तो तिचा प्रश्न. तिच्या हक्काला कोणतीही अट नाही.

याची कुणकुण लागताच भाऊ आला होता. चहा संपेपर्यंत थांबला, मग सुरू झाला.

"ताई, परक्याच्या पोरीच्या नावावर घर? उद्या उडून गेली म्हणजे?"

"उडून जावी म्हणूनच देते आहे."

"मला नाही कळलं."

"तुला कळायला हवं असं कलम नाही त्यात."

तो रागावून छत्री विसरून गेला. ती छत्री दाराच्या मागे आहे. त्याला परत करावी.

कलम तिसरे: बँकेतली शिल्लक.

दवाखान्याचे आणि माझ्या शेवटच्या प्रवासाचे भागवून जे उरेल ते भावाचे. त्याने आयुष्यभर मला न मागता सल्ले दिले, त्यांची ही दक्षिणा समजावी. शाळेची गाडी मागून नेऊन त्याने एकदा तिचा डावा मडगार्ड चेपून आणला होता आणि 'भिंतच पुढे आली' असे सांगितले होते. ती भिंत मी जाऊन पाहिली. जागच्या जागी होती. हे मी विसरलेले नाही, पण पैसे मात्र कापू नयेत.

कलम चौथे: हत्यारे.

शेडमधली लाकडी पेटी, तिच्यातले सर्व पाने, जॅक, ठिणगीची वेळ तपासायचा दिवा आणि मुलाने स्वतः घडवलेला वाकडा पाना, हे सारे कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींना द्यावे. त्यांना साक्षीदार करायचे मनात होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असे वकील म्हणाले. साक्षीपेक्षा पेटी त्यांच्या जास्त कामाची आहे. वाकडा पाना देताना मात्र सुनेला विचारावे. तिला हवा असेल तर तो तिचा.

कलम पाचवे: मोटार.

माझी जुनी शिकवण्याची मोटार मी सुनेला देते. इथे मात्र अट आहे. ती शेवटी लिहिते, कारण आधीचे सांगितल्याशिवाय ती कोणाला समजायची नाही.

सून या घरात सून म्हणून आली नाही, शिकायला म्हणून आली. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात नवीनच लागली होती. पहिल्याच दिवशी गाडी घेऊन दूध केंद्राच्या भिंतीवर निघाली. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मी तो दाबला.

"बाई, मी मारणारच होते ब्रेक."

"तू मारणार होतीस हे मला ठाऊक आहे. भिंतीला ठाऊक नव्हतं."

मागच्या सीटवर माझा मुलगा बसला होता. तो इतका हसला की मी त्याला तिथेच उतरवले. तो चालत घरी आला, आणि त्यानंतर तिच्या प्रत्येक तासाला त्याला गाडीत काहीतरी तपासायचे असे. लग्न झाले तरी ती मला बाईच म्हणत राहिली. मीही बदल सुचवला नाही. आमचे दोघींचे जमत नव्हते असे नाही. आम्ही एकमेकींच्या वाटेत येत नव्हतो. ती माझ्यासारखीच कमी बोलते. एका घरात दोन कमी बोलणाऱ्या बायका असल्या की भांडी फार वाजतात.

मुलगा म्हणायचा, "आई, तुझा पाय घरातसुद्धा ब्रेकवरच असतो."

शाळा मी बंद केली त्या वर्षी त्याने हौसेने गाडीचे इंजिन उतरवले, साफ केले, हिरवे रंगवले आणि परत बसवले. नवीन दिसायला लागले, आणि तेव्हापासूनच गळायला लागले. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनाच्या अंगात उभा खोचलेला, ठिणगी वाटून देणारा भाग. तो जिथे इंजिनात शिरतो तिथे त्याच्या मानेभोवती एक रबरी रिंग असते. तिथून तेल पाझरून खाली ओघळायचे. मुलाने रिंग बदलली. थोडे दिवस बरे, पुन्हा तेच. मिस्त्री म्हणाले, रिंग बारीक आहे. जाड घातली. पुन्हा तेच. मग म्हणाले, आतला दांडा हलतो, त्याला धरणारा बुश झिजलाय. बुश बदलला, आतले सील बदलले. चार पावसाळे गेले, रिंगांचा ढीग झाला. गाडीखाली मी माझा जुना बेकिंगचा ट्रे ठेवला, आणि रोज त्यात काळे तेल असायचे.

भाऊ म्हणाला, "भंगारात काढ."

मुलगा म्हणाला, "मामा, तुमचे गुडघे दुखतात तेव्हा आम्ही असं म्हणतो का?"

मग तो आजारी पडला. आजाराचे नाव इथे लिहीत नाही, त्याला या घरात पुष्कळ जागा मिळून गेली. शेवटी-शेवटी दवाखान्यात पडल्या-पडल्या तो बायकोला डिस्ट्रिब्युटर काढायला शिकवत असे, तिच्या तळहातावर बोटाने आकृती काढून. "आधी खडूने खूण कर. आतल्या फिरकीचं तोंड कुठे आहे त्याची एक, आणि बाहेरच्या डबीची एक. मगच बोल्ट सैल कर. खूण न करता काढलंस तर गाडी तुझ्यावर भुंकेल." ती म्हणायची, "तू घरी आल्यावर करू." तो म्हणायचा, "तेवढी गळती थांबव. मग हवं तिकडे जा गाडी घेऊन."

मी दाराशी उभी होते. तो थट्टेने बोलला. तिने ते थट्टेने घेतले नाही.

तो गेल्यानंतर पहिल्या मोकळ्या रविवारी ती शेडमध्ये गेली. खडूने खूण केली, डिस्ट्रिब्युटर काढला, रिंग घातली आणि बसवताना चाकाचा एक दात चुकली. किल्ली फिरवताच धुराड्यातून असा बार निघाला की शेजारचे शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आले. ती बोनेटवर हात ठेवून उभी होती. मला वाटले रडते आहे. जवळ गेले तर हसत होती, आणि मग रडायला लागली. मी दिवा धरला. तिने पुन्हा काढून पुन्हा बसवले. त्या दिवसापासून दिवा धरणे माझ्याकडे आले. आम्ही दोघी जे काही बोललो आहोत ते त्या दिव्याच्या उजेडात, मान खाली घालून, एकमेकींकडे न बघता.

गळती थांबली नाही.

दरम्यान तिला दूरच्या शहरातून बोलावणे आले. दंतवैद्यांच्या मोठ्या प्रयोगशाळेत एका विभागाची प्रमुख. तिच्या हाताची ती लायकी आहे. माझी कवळी तिनेच केलेली आहे, आणि माझ्या तोंडून निघणारे कठोर शब्द इतके स्पष्ट निघतात ते तिच्यामुळे. तिने एकदा 'थोडं थांबा' म्हणून कळवले. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच.

"का जात नाहीस?" मी विचारले.

"गाडीचं काम अर्धवट आहे ना बाई."

"गाडी काय करायचीय तिथे?"

"त्याने सांगितलंय. गळती थांबली की जाईन."

हे खरे कारण नव्हते, ते मला कळत होते. डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितले ते मी तिला सांगितले नव्हते, पण ती रोज माझ्या ताटातले उरलेले अन्न बघत होती. माझ्यासाठी थांबते आहे असे ती म्हणाली असती तर मी तिला त्याच दिवशी बाहेर काढली असती. म्हणून तिने गाडीला पुढे केले.

या उन्हाळ्यात, ती कामावर गेलेली असताना, मी शेडमध्ये स्टुलावर बसून इंजिन चालू ठेवले. दुसरे काही करण्यासारखे उरले नव्हते. पाहता पाहता माझे लक्ष तेल मोजायच्या दांडीकडे गेले. ती आपल्या जागेतून हळूहळू वर येत होती. मी दाबून बसवली. पुन्हा वर आली. तेल भरायचे झाकण उघडले तर आतून फुस्सकन धूर आला. कॉलेजात शिकलेले पदार्थविज्ञान मला त्या क्षणी आठवले. इंजिनाच्या पोटात दाब साठत होता, आणि जिथे पकड कच्ची तिथून तो तेल बाहेर ढकलत होता. आम्ही सगळे रिंग बदलत बसलो. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. वरची रबरी नळी मिस्त्रींनी तपासली होती, ती मोकळी होती. पण ती इंजिनात जिथे शिरते त्या लोखंडी तोंडात कोणी बोट घातले नव्हते. मी विणकामाच्या आकड्याने उकरले.

आत चिंधी होती. तेलाने काळी, पण चौकटी ओळखू येत होत्या. मुलाचा घरातला जुना सदरा मी स्वतः फाडून त्याला पुसायला दिला होता. इंजिन रंगवताना रंग आत जाऊ नये म्हणून त्याने सगळी भोके चिंध्यांनी बुजवली, आणि बाकीच्या काढताना ही एक आत सरकली. पोरगा माझ्यासारखाच होता. काम इतके नीट करायला जायचा की कुठेतरी ठासले जायचे.

मी नळी साफ करून बसवली. नवी रिंग घातली. खडूची खूण करायला विसरले नाही. गाडी चालवून आणली. ट्रे कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. डिस्ट्रिब्युटरची गळती थांबली होती.

आता जे लिहिते ते सुनेसाठी आहे, बाकीच्यांनी वाचले तरी चालेल.

ती संध्याकाळी आली की आधी शेडमध्ये वाकून ट्रे बघायची, मग हातपाय धुवायची. त्या दिवशी ती यायच्या आधी मी ट्रेजवळ उभी होते. कोरडा ट्रे बघितला असता तर तिला जावे लागले असते, दिल्या शब्दाची ती पक्की आहे. मी फडताळातून तेलाचा डबा काढला आणि खोकल्याच्या औषधाच्या चमच्याने ट्रेमध्ये तेल घातले. थोडे इंजिनाच्या अंगालाही लावले. त्याशिवाय ती फसणारी नाही. ती आली, वाकली, म्हणाली, "आहेच अजून." आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायला बसली. त्या रात्री मी नीट जेवले.

मग रोजच घालत गेले.

परवा ती ट्रेपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिली. तेलात बोट बुडवून उजेडाकडे धरले. मग फडक्याला बोट पुसत म्हणाली, "आई, आजकाल गळणारं तेल फार स्वच्छ यायला लागलंय हं."

इंजिनातून आलेले तेल काळे असते. डब्यातले मधासारखे असते. एवढे साधे माझ्या ध्यानात आले नाही. आणि तिच्या ते किती आधी आले असेल, हे मी विचारले नाही. ती मला बाई सोडून दुसरे काही म्हणाल्याची माझ्या आठवणीत ती पहिली वेळ. मी म्हटले, "हात धू, जेवायला बस." तिने ट्रे पुसला आणि जागेवर ठेवला, म्हणजे उद्या मला पुन्हा तेल घालता यावे.

म्हणून आता अट. ही मोटार तिला मिळावी ती माझ्या मरणानंतर नव्हे, माझ्यादेखत. आणि तिने ती या फाटकातून स्वतः चालवत बाहेर काढून त्या शहरात न्यावी. वकील म्हणाले, हे मृत्युपत्रात बसत नाही, याला बक्षीसपत्र लागते. ते वेगळे केले आहे. तरी मी हे इथेच लिहिणार. डॉक्टरीणबाई दोन्ही वेळ डोकावतील, स्वयंपाकाला बाई ठरवली आहे. कोणी माझ्या उशाशी बसून वाट पाहावी, हे मला मंजूर नाही.

आज सकाळी ती कामावर गेल्यावर मी ट्रे साबणाने धुतला आणि पुसून ठेवला. मिस्त्रींना बोलावून शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक काढून घेतला आणि भोकावर पत्रा मारून घेतला. ते म्हणाले, "बाई, राहू द्या की, शोभा आहे गाडीची." मी म्हटले, "शोभा पुष्कळ झाली." संध्याकाळी ती वाकून बघेल. तिला ट्रे कोरडा दिसेल. मी काही बोलणार नाही, तिनेही बोलू नये. किल्ली टेबलावर आहे. मागचे बघायला आरसा आहे, तो पुसून ठेवला आहे.

कलम सहावे: जे मी कोणालाच देत नाही.

ती चौकटीची चिंधी माझ्या उशीखाली आहे. ती धुऊ नये. मला नेताना माझ्या उजव्या मुठीत ठेवावी. कवळी तोंडातच राहू द्यावी. बोळक्या तोंडाने मला कुठेही जायचे नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. त्या वेळेवर येतात.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि पुढील दोघांसमोर सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. वार सोमवार, तारखेचा शिक्का वकिलांनी मारला आहे.

(सही) मोटार शिकवणाऱ्या बाई

साक्षीदार:
(सही) डॉक्टर, समोरचा दवाखाना
(सही) शेजारचे शिंपी. यांना मी दोनदा नापास केले होते, तरी आले.

पुरवणी, त्याच महिन्यात जोडलेली:

वरच्या मजकुरात बदल नाही. फक्त नोंद करते की पाचव्या कलमातली अट पूर्ण झाली.

ती आज सकाळी गेली. वाकडा पाना तिने मागून घेतला. पाया पडली नाही. मला ते आवडत नाही हे तिला माहीत आहे. माझ्या ताटात किती वाढायचे ते स्वयंपाकाच्या बाईला दोनदा सांगितले. मी खिडकीशी उभी होते. फाटकात येऊन गाडी थांबली. इंजिन चालू होते, आवाज स्वच्छ होता. ती उतरेल असे मला वाटले, आणि माझा पाय आपोआप पुढे सरकून फरशीवर दाबला गेला, जितका जोर उरला होता तितक्या जोराने.

तिथे काही नव्हते. गाडी गेली.

मी शेडमध्ये जाऊन आले. फरशी कोरडी आहे.

(सही) मोटार शिकवणाऱ्या बाई, म्हणजे तिची आई

साक्षीदार: वरीलप्रमाणे. डॉक्टरीणबाईंनी सही करताना शाई सांडली, त्या डागाला कोणताही अर्थ नाही.